बोंबलातलं पाणी

ओल्या बोंबलाच्या वजनातले दहापैकी जवळजवळ नऊ भाग निव्वळ पाणी असतं. कलिंगडात असतं साधारण तितकंच. किलोभर बोंबील घेऊन आपण घरी येतो तेव्हा पिशवीत नऊशे ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, आणि हे पाणी कालपरवापर्यंत समुद्रात शिकार करत होतं! त्याला डोळे होते, अणकुचीदार दात होते, लहान मासे आणि कोळंबी ते गिळत होतं. तेच पाणी तव्यावर पडतं आणि थोड्या वेळात बाहेरून कुरकुरीत, आतून जिभेवर विरघळणारा घास होऊन ताटात येतं. हे घडतं कसं, याचं मला कायम नवल वाटत आलंय, आणि खोलात शिरावं तसं ते वाढतच गेलंय.

सौम्य चवीचा पांढरा मासा रांधताना मसाल्याच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. मीठ, हळद, आंबट, रवा, बेसन, तव्याची आच यांतलं जवळपास प्रत्येक जण माशातल्या पाण्याशी काहीतरी करत असतं. कुणी ते बाहेर काढतं, कुणी आत अडवून ठेवतं, कुणी त्याची वाफ करतं. हा हिशेब जमला की मसाला थोडा कमी-जास्त झाला तरी मासा बिघडत नाही. तो चुकला तर घरचा उत्तम मसालाही उपयोगाला येत नाही.

हे सगळं समजून घ्यायला मुंबईत शीवइतकी चांगली जागा नसेल. शीव हे जुन्या मुंबई बेटाचं उत्तरेचं टोक. टेकडीवरचा किल्ला मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेरार्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, बेटाच्या सीमेवर पहारा ठेवायला बांधला गेला. पलीकडे खाडी, चिखल, मिठागरं आणि त्यापुढे साष्टी बेट. मासा आणि मीठ दोन्ही हाकेच्या अंतरावर. टेकडीच्या एका अंगाला धारावी कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला शीव कोळीवाडा. आजही गुरु तेग बहादूर नगर स्टेशनच्या बाजूने, जे आधी कोळीवाडा स्टेशन होतं, सकाळी बाजारात शिरलात तर कोळणींच्या पाट्यांवर पापलेट, बोंबील, मांदेली, लेपा, मुडदुशी, रावस, घोळ असे पांढऱ्या मांसाचे मासे ओळीने दिसतात आणि त्यांच्याशेजारी बांगडा, तारली हे गडद मांसाचे. पापलेट हातात घेतलंत की कोळीण म्हणते, “ताई, दाबून बघ, कल्ल्यातनं पांढरं पानी येतंय.” कल्ल्यापाशी दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर मासा ताजा, लालसर आलं तर शिळा, ही बाजारातली परीक्षा. इथेही साक्ष पाण्याचीच.

एकाच समुद्रातला बांगडा गडद आणि पापलेट पांढरं का? बांगडा सतत पोहतो. न थकता चालणाऱ्या स्नायूंना सतत प्राणवायू लागतो, तो साठवून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं लालसर प्रथिन त्यांत भरपूर असतं, आणि इंधन म्हणून तेलही असतं. पांढऱ्या मांसाच्या माशाला अशी अखंड धाव नसते. तो बराच वेळ संथ असतो आणि गरज पडली की एकदम झेप घेतो. त्या क्षणभराच्या झेपेचे स्नायू पांढरे असतात. शिवाय माशाला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, ते समुद्र पेलतो. बकऱ्याला चार पायांवर उभं राहायचं असतं, म्हणून त्याचे स्नायू चिवट कोलॅजेनने जागोजाग बांधलेले असतात आणि ते सैल करायला मटण तासभर शिजवावं लागतं. माशाचे स्नायू आखूड पट्ट्यांत रचलेले असतात, दोन पट्ट्यांमध्ये कोलॅजेनचा पातळ पडदा असतो आणि तो मटणातल्या कोलॅजेनपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला विरघळतो. शिजलेल्या पापलेटाच्या पाकळ्या बोट लावताच सुटतात त्या या पडद्यामुळे.

म्हणूनच मासा इतक्या लवकर शिजतो, आणि तितक्याच लवकर बिघडतो. माशातलं मायोसिन हे मुख्य प्रथिन चाळीस अंशांच्या आसपास आकसू लागतं. साठपर्यंत काम झालेलं असतं. त्यापुढे प्रत्येक अंशाला तंतू आणखी आवळत जातात आणि आपल्यातलं पाणी पिळून बाहेर टाकतात. जास्त शिजलेला मासा रश्श्यात बुडलेला असला तरी कोरडा लागतो, कारण त्याच्या आतलं पाणी निघून गेलेलं असतं आणि बाहेरचं आत शिरू शकत नाही.

आता मिठाकडे येऊ. माझ्या मते सगळ्या पाककृतीत सर्वांत कमी श्रेय मिळणारी गोष्ट ही.

तुकड्यांना मीठ चोळलं की पाचेक मिनिटांत ताटात पाणी सुटतं. मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं, हे शाळेत शिकलेलंच आहे. नवल त्यापुढे आहे. सुटलेल्या पाण्यात मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी हळूहळू मांसाच्या वरच्या थरात उतरतं. तिथे मायोसिन अंशतः विरघळतं, त्याच्या गुंडाळ्या सैल होतात, आणि मग तव्यावर गरम झाल्यावर ते जाळीसारखं जमून पाणी धरून ठेवतं. जे मीठ सुरुवातीला पाणी बाहेर काढतं, तेच शिजताना उरलेलं पाणी आत राखतं! तळताना किंवा वाफवताना माशावर जो पांढरा साका जमतो तोही मीठ आधी लावलं तर कमी होतो. अर्धा किलो तुकड्यांना चहाचा एक चमचा मीठ आणि वीस मिनिटांचा वेळ पुरे. मीठ लावून लगेच तव्यावर टाकलेल्या तुकडीत आणि वीस मिनिटं थांबलेल्या तुकडीत फरक इतका असतो की एकाच माशाचे दोन तुकडे असे करून शेजारी ठेवून खावेत. नंतर कुणी सांगायला लागत नाही.

बोंबलाला मात्र एवढ्याने भागत नाही. त्याचं डोकं उडवून, पोटाकडून उभा चिरून, पुस्तकासारखा उघडून मीठ लावायचं, दोन ताटांच्या मध्ये ठेवायचं आणि वर पाटा-वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून दाबायचं. अर्ध्या तासाने ताट कलतं केलं की पाण्याची धार लागते. हातात येतो तो चपटा, घट्ट, पारदर्शकपणा गेलेला मासा. ही दाबणी टाळून कितीही रवा लावला तरी बोंबील तव्यावर लगद्यासारखा पसरतो. याच पाण्याचं दुसरं टोक म्हणजे सुका बोंबील. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यांत सापडलेले बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडणीवर उन्हात टांगले की काही दिवसांत त्यांचं बहुतेक पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि उरतं ते निव्वळ प्रथिन, पावसाळाभर टिकणारं. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात या माशाला शास्त्रीय नाव दिलं, पण तो उघडून दाबण्याची आणि टांगण्याची युक्ती त्याच्या आधीपासून किनाऱ्यावर होतीच.

मग येतं आंबट: लिंबू, चिंच, आमसूल किंवा कोकमाचं आगळ. आपण म्हणतो, त्याने माशाचा वास जातो. वास जातो म्हणजे कुठे जातो?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. माशाच्या रक्तात खारटपणा त्याच्या साधारण एक तृतीयांश. बाहेरचं खारं पाणी माशातलं पाणी सतत ओढू पाहतं, आणि हा ताण सोसायला समुद्री माशांच्या पेशींत काही खास पदार्थ साठवलेले असतात. त्यांतली ग्लायसिन, ग्लुटामेट अशी अमिनो आम्लं चवीला गोडसर, रुचकर असतात. समुद्राच्या ताज्या माशाला नुसतं मीठ लावून भाजलं तरी जी गोडी लागते ती यांची. आणखी एक पदार्थ असतो, ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. त्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्यातला प्राणवायू काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे तो ओळखीचा ‘मासळीचा’ वास. आंबट पडलं की हा उडणारा पदार्थ आम्लाशी बांधला जातो, त्याचा क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. वास कुठे गेलेला नसतो. तो तुकडीतच असतो, फक्त नाकापर्यंत पोचू शकत नाही.

याच ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडने समुद्रातल्या जीवनाची एक सीमा आखली आहे, हे वाचलं तेव्हा मी थक्क होऊन बसलो होतो. खोल समुद्रात पाण्याचा दाब प्रथिनांचा आकार बिघडवतो, आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड तो आकार सांभाळून धरतं. मासा जितका खोल राहणारा, तितका त्याच्यात हा पदार्थ जास्त. पॉल यॅन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडून सांगितलं, की साधारण ८,२०० मीटरच्या आसपास माशांची हद्द संपली पाहिजे, कारण त्याखाली पुरेल इतका हा पदार्थ साठवला तर उलट समुद्राचंच पाणी माशात घुसू लागेल. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझु-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एक मासा कॅमेऱ्यात टिपला गेला, त्या हद्दीला जवळजवळ चिकटून. शीवच्या स्वयंपाकघरात आपण लिंबू पिळून ज्याच्यापासून होणाऱ्या वासाला गप्प करतो, त्याच पदार्थाच्या बळावर तो मासा तिथे जगत होता.

आंबटाचं एक सांभाळायला हवं. आम्ल उष्णतेशिवायही प्रथिनं उलगडतं. पेरू देशात कच्च्या पांढऱ्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवून तसेच खातात, त्या सेविचेमध्ये मासा विस्तवाविना पांढरा, घट्ट होतो. आपल्याला तो तव्यावर शिजवायचाच आहे, तेव्हा तासभर लिंबात ठेवला तर दोनदा शिजल्यासारखा होतो आणि खडूसारखा भुरभुरतो. मीठ-हळद आधी, आंबट शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, ही वाट बरी.

तिखट आणि हळदीची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मिरचीतला तिखटपणा आणि हळदीतला पिवळेपणा दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून मसाला पाण्यात कालवून लावला तर तो माशावर नुसता बसून राहतो. त्यात चमचाभर तेल घातलं तर पसरतो, धरतो. लसूण मात्र ठेचलेलीच हवी, कारण तिचा झणका पेशी फुटल्यावरच तयार होतो. आणि हे सगळं बेताने. सौम्य माशाची गोडी हीच त्याची संपत्ती आहे. रावसाला किंवा मुडदुशीला गरम मसाल्याने माखणं म्हणजे ती उधळणं.

इथपर्यंतची गोष्ट किनाऱ्याची. शीवची खास गोष्ट पुढे आहे.

१९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून आलेली कुटुंबं शीव कोळीवाड्यात वसली. पुढच्या दशकात त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहिल्या, पंजाबी कॉलनी झाली. या लोकांच्या हातात मासा तळण्याची वेगळीच रीत होती: बेसनाचं पीठ, आलं-लसूण, लाल तिखट आणि ओवा. अमृतसरी मच्छी ती हीच. ही रीत नदीच्या माशांसाठी घडलेली. नदीच्या माशात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड फारसं नसतं, म्हणून त्याला समुद्री वास येत नाही. त्याला येतो चिखलाचा वास आणि तो जिऑस्मिन नावाच्या पदार्थाचा. पहिल्या पावसात मातीला जो गंध सुटतो त्यातही हेच जिऑस्मिन असतं. मातीतून आलं की आपण छाती भरून घेतो, माशातून आलं की नाक मुरडतो! आम्लाने जिऑस्मिन मोडतं, त्याचा वास जातो. म्हणजे समुद्राच्या माशावर लिंबू वास बांधून ठेवतं आणि नदीच्या माशावर तो मोडून टाकतं. दोन वेगळी रसायनं, दोन वेगळी कामं, आणि पिळायचं लिंबू एकच. ओव्यातला थायमॉलचा उग्र गंध उरलासुरला चिखल झाकतो.

ही नदीकाठची रीत शीवमध्ये समुद्राच्या माशाला आणि कोळंबीला भेटली. ‘कोळीवाडा झिंगे’ म्हणून जो पदार्थ देशभरच्या हॉटेलांच्या यादीत दिसतो, तो शीव कोळीवाड्यातल्या पंजाबी खानावळींतून निघाला असं सांगतात. नाव कोळीवाड्याचं, ओवा-बेसन पंजाबचं, जिन्नस अरबी समुद्राचा. मुंबईने जोडलेल्या पदार्थांत मला हा सर्वांत मानाचा वाटतो. घरदार गमावून आलेल्या माणसांनी नव्या गावाचा मासा आपल्या कढईत घेतला आणि नाव त्या गावाचं राहू दिलं.

किनाऱ्याचा रवा आणि पंजाबचं बेसन, दोन्ही एकाच अडचणीची उत्तरं आहेत. माशाच्या पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचं तापमान शंभर अंशांपुढे जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. शून्यापासून शंभर अंशांपर्यंत पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त त्याच पाण्याची वाफ करायला लागते. आणि खमंग तांबूस रंग यायला साधारण १४० अंश हवेत. अमिनो आम्लं आणि साखर यांची ही क्रिया लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केली. ओला पांढरा मासा थेट तव्यावर टाकला तर तो शंभर अंशांवर उकडत राहतो, चिकटतो, आणि रंग येईपर्यंत आतून कोरडा होतो. मग एक परका थर वर चढवायचा. तो कोरडा होऊन भाजला जाईल आणि मासा आत सुखरूप राहील.

रव्याचे कण भरड असतात, म्हणून ते माशाच्या ओलाव्यापुरते भिजतात, बाकीचे कोरडे राहतात आणि तेलात पटकन कडक होतात. पण रवा लावून तुकडी पाच-दहा मिनिटं ठेवली तर तो सगळं पाणी पिऊन पीठ होतो. तेल तापल्यावरच घोळवावं आणि त्याआधी तुकडी स्वच्छ फडक्याने हलकेच टिपून घ्यावी. थोडं तांदळाचं पीठ मिसळलं तर थर पातळ आणि खुसखुशीत होतो. बेसनाच्या भिजवलेल्या पिठाची तऱ्हा निराळी. ते स्वतःच ओलं असतं. कढईत पडताच त्यातलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडतं, ते बुडबुडे तेलाला आत येऊ देत नाहीत, आणि थराच्या आत मासा आपल्याच वाफेत शिजतो. बेसनात प्रथिनं भरपूर, त्यामुळे रंगही गडद येतो. बऱ्याच ठिकाणी एकदा अर्धवट तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा तेलात सोडतात. मधल्या वेळात आतला ओलावा थरात येतो आणि दुसऱ्या तळणीत उडून जातो, म्हणून तो कुरकुरीतपणा.

घरी बिडाचा तवा असेल तर उत्तम. मध्यम आच, तळ झाकेल इतकं तेल, आणि तुकडी टाकल्यावर तिला हात लावायचा नाही. कच्चं प्रथिन लोखंडाला घट्ट धरतं. थर भाजून कडक झाला की तुकडी आपोआप सुटते. उलथनं घातल्यावर ती अडली तर तिची वेळ झालेली नाही. पाऊण इंची तुकडीला प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं खूप झाली. आणि जाडीकडे लक्ष असू द्या: तुकडी दुप्पट जाड असेल तर आतपर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नाही, सुमारे चौपट वेळ लागतो. अख्ख्या पापलेटाला दोन्ही अंगांनी तिरक्या चिरा देतात त्या मसाला मुरावा म्हणून, हे खरंच. पण त्या चिरांनी जाडी तुटते आणि मधला भाग कडांबरोबर शिजतो, हे त्यांचं मोठं काम.

कालवणात मासा शेवटी सोडायचा, एक उकळी आणायची आणि गॅस बंद करायचा. पळी घालून ढवळायचं नाही, भांडं धरून हलवायचं. शीवच्या शेजारीच दादरला पारशी कॉलनीत पापलेट हिरव्या चटणीत माखून केळीच्या पानात वाफवतात. पात्रा नी मच्छीत थर लागत नाही की तांबूस रंग येत नाही, पण पानाच्या आत पाणी कुठेच जात नाही, आणि पापलेट जितकं मऊ असू शकतं तितकं तिथे असतं. पांढऱ्या माशाचा सर्वांत निर्मळ स्वाद हवा असेल तर माझं मत या पानाला.

शेवटी एक विनंती. पापलेटाला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून घोषित करण्यात आलं. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते ती माशांना वाढायला अवधी मिळावा म्हणून. तरीही तळहाताएवढीसुद्धा न भरलेली पापलेटं पाटीवर येतात, कारण आपण ती घेतो. घेऊ नका. त्या दिवशी लेपा मागा, मुडदुशी मागा, बोंबील मागा. मांस तसंच पांढरं, चव तशीच सौम्य, आणि मीठ लावून वीस मिनिटं थांबलात तर तव्यावर तितकाच मान राखतील.